नैऋत्य कोपरा आणि निंब: अकोल्यातल्या एका घराच्या प्रकल्प नोंदी

11 एप्रिल 2024

जागा अकोल्यातली जुनी वसाहत, प्लॉट 40 बाय 60 फूट. घर 1991 चं, तळमजला आणि वर एक मजला. लोड बेअरिंग बांधकाम, म्हणजे सगळा भार भिंतींवरच, नऊ इंची विटेच्या भिंती, खाली काळ्या दगडाचा पाया. कॉलम नाहीत, जोत्याला बीम नाही. त्या काळात या भागात सर्रास असंच बांधायचे, आणि त्यातली बरीच घरं अजून नीट उभी आहेत हेही खरं.

मालक काका बँकेतून निवृत्त. वडिलांचे मित्र, त्यामुळे मला अरे-तुरे. गेल्यागेल्या त्यांनी निदान ऐकवलं, "निंबाच्या मुळ्या पायात घुसल्या, भिंत उचलून धरली. झाड पाडायचं तेवढं बोल."

निंब नैऋत्य कोपऱ्यापासून 9 फुटांवर. उंची साधारण 40 फूट, छातीच्या उंचीवर घेर 5 फूट 4 इंच. वास्तुशांतीनंतरच्या पावसाळ्यात काकांनीच लावलेला. तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं की नैऋत्य जड असावी. झाली आहे खरी जड.

त्या कोपऱ्यातल्या खोलीत खिडकीच्या वरच्या टोकापासून छताकडे तिरपी भेग गेली आहे. छताजवळ 7 मिमी, खिडकीपाशी 2 मिमी. बाहेरून पाहिली तर विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढते. वर रुंद आणि खाली अरुंद भेग म्हणजे भिंतीचं ते टोक खाली बसतंय. मुळ्यांनी उचललं असतं तर भेग खाली रुंद दिसली असती.

गंमत अशी की पूर्वेच्या खोलीत नेमकं तेच दिसतं. तिथली भेग खाली 3 मिमी आणि वर केसाएवढी, फरशी मधोमध फुगलेली, दार उघडताना घासतं. पूर्वेला काकांच्या आवारात एकही झाड नाही. एका घराला दोन उलटे आजार. काकांना आत्ताच काही बोललो नाही.

किल्लारीच्या भूकंपाचा विषयही निघालाच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे घर हललं होतं, तेव्हापासूनच भेग आहे असं काकूंचं म्हणणं. पण त्याच पुढे म्हणाल्या की पावसाळ्यात भेग बुजते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढी होते. भूकंपाची भेग ऋतू पाहून उघडमीट करत नाही.

13 एप्रिल

भेगांवर काचेच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बसवल्या. काच तडकली तर हालचाल झाली एवढंच कळतं, किती झाली ते नाही. म्हणून प्रत्येक भेगेच्या दोन्ही अंगांना पितळी स्क्रू ठोकले, त्यांच्यामधलं अंतर व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या सरकत्या पट्टीने, घेणार. भिंतीवर तारखा पेन्सिलने लिहिल्या. काकूंना ते आवडलेलं नाही.

मिस्त्रींनी पाण्याची नळी फिरवून जोत्याची लेव्हल काढली. वायव्य कोपरा शून्य धरला. नैऋत्य कोपरा 32 मिमी खाली, पूर्वेची भिंत मध्यावर 14 मिमी वर. 1991 साली जोतं काटेकोर समपातळीत होतं असं कुणी सांगू शकत नाही. 10 मिमीचा फरक मी बांधणाऱ्यांच्या खाती टाकतो. 32 मात्र कुठल्याच मिस्त्रीच्या खाती टाकता येत नाही.

20 एप्रिल

नैऋत्य कोपऱ्याला लागून खड्डा घेतला. दोन फुटांवर माती अशी की टिकाव मारला की ढेकळं सुटतात, आणि ढेकळांच्या मधल्या भेगांत मिस्त्रींचा हात मनगटापर्यंत जातो. पायाचा तळ साडेचार फुटांवर लागला. दगड जागेवर आहेत, सांध्यांतला चुना-सिमेंट ठीक आहे. दगडांच्या मधून एकही जाड मुळी घुसलेली नाही.

मुळ्या आहेत त्या पायाच्या खाली. बोटाएवढ्या दोन-तीन, त्यांना फुटलेल्या दोऱ्यासारख्या बारीक मुळ्यांचं जाळं, आणि ते जाळं थेट पायाच्या तळाला चिकटून आत गेलेलं. ढेकूळ फोडलं की प्रत्येक फटीत तांबूस केसांसारख्या मुळ्या दिसतात. मिस्त्री वाकून बघत म्हणाले, "हे तं पायाखालून गेलं साहेब, पायाच्या आंगावर नाई आलं."

काका खड्ड्याच्या काठावर उभे होते. "म्हणजे मुळ्या आहेतच ना?" आहेत. पण त्या ढकलत नाहीत, पाणी शोषतात. काळ्या मातीतून पाणी गेलं की माती आकसते, वरचा पाया तेवढा खाली येतो. पाऊस पडला की माती फुगते, पाया परत वर येतो, पण बहुतेक वेळा पूर्ण नाही. दर वर्षी थोडी उधारी मागे राहते. तीस वर्षांची उधारी 32 मिमी.

खड्ड्याच्या तळातून ऑगरने, म्हणजे माती पोखरायच्या गिरमिटाने, 10 फुटांपर्यंत गेलो. मुरूम नाही. काळी माती संपून पिवळसर, चुनखडीच्या गोट्या असलेली चिकणमाती लागली. पूर्णेच्या गाळाचा पट्टा आहे, इथे दहा फुटांवर मुरूम मिळेल अशी आशा ठेवू नये. कोपरा खालून काँक्रीटने उचलून कडक थरावर टेकवायचा हा उपाय त्यामुळे जवळजवळ बाद झाला. जेवढं खोल जाऊ तेवढा खर्च, आणि खाली टेकायला खात्रीचं काही नाही. शिवाय एकच कोपरा पक्का केला तर बाकीचं घर ऋतूप्रमाणे वर-खाली होत राहील आणि नवी भेग दोघांच्या सीमेवर पडेल.

नमुने पिशव्यांत बंद केले. एक संच झाडाकडचा, एक वायव्य कोपऱ्याजवळचा, दोन्ही 5 फूट खोलीवरचे.

2 मे

प्रयोगशाळेतून निकाल. 5 फुटांवर ओलावा झाडाकडे 15 टक्के, वायव्येला 24 टक्के. एकाच घराच्या दोन कोपऱ्यांखाली एवढा फरक.

मुक्त फुगवट्याची चाचणी मी समोर उभं राहून पाहिली, मला ती अजूनही आवडते. वाळवून चाळलेली 10 ग्रॅम माती एका काचेच्या नळकांड्यात रॉकेलमध्ये टाकायची, तेवढीच दुसऱ्यात पाण्यात. ढवळून हवा काढायची आणि 24 तास तसंच ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, आहे तेवढीच बसते. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली 10.5 मिलीवर होती, पाण्यातली 20 मिलीवर. म्हणजे फुगवटा 90 टक्के. भारतीय मानकाच्या तक्त्यात 50 ते 100 म्हणजे "मध्यम". मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "मंग जादा कशाले म्हन्तेत?"

हा सगळा खेळ मातीतल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचा. बेसाल्ट कुजून झालेल्या आपल्या काळ्या मातीत ते भरपूर असतं, पानासारख्या थरांच्या मध्ये पाणी घेतं आणि सोडतं. मुरमाड किंवा वालुकामय जमिनीवर हाच निंब याच अंतरावर असता तर मी हे काम घेतलंच नसतं. झाड घरापासून किती लांब हवं हा प्रश्न लोक विचारतात तेव्हा आधी खाली माती कोणती ते विचारावं लागतं.

5 मे

रात्री जुनी टिपणं काढली. ब्रिटनमध्ये 1976 च्या दुष्काळात चिकणमातीवरची घरं मोठ्या संख्येने तडकली आणि तिथून झाडाजवळच्या पायाचे नियम कडक झाले. नव्या घरांसाठी तिथे झाडांचे तहानेप्रमाणे तीन गट आहेत. जास्त तहानेच्या झाडाचा प्रभाव त्याच्या उंचीच्या सव्वापट अंतरापर्यंत धरतात, मध्यम असेल तर पाऊणपट, कमी असेल तर निम्मा. त्यांच्या यादीत निंब असण्याचं कारणच नाही. निलगिरी आहे, जास्त तहानेच्या गटात.

निंब मध्यम धरला तरी 40 फुटी झाडाला 30 फूट होतात. आपलं 9 आहे. त्यातून निंबाचा स्वभाव इथल्या उन्हाळ्याला नेमका नको तसा. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पानं टाकतो आणि लगेच नवी पालवी धरतो, म्हणजे एप्रिल-मेमध्ये जमीन सर्वांत कोरडी असते तेव्हा याचा पानोरा भरगच्च. सावली हवी म्हणून आपण तो त्याचसाठी लावतो.

9 मे

दक्षिणेच्या भिंतीलगतचं चेंबर उघडलं. न्हाणीघराचं सांडपाणी चिनी मातीच्या जुन्या पाइपांतून जातं. दोन पाइपांच्या सांध्यातला मसाला झडला आहे, तिथून निंबाच्या मुळ्या आत शिरून हातभर लांब शेपटी झाली आहे. मजुराने ओढली तेव्हा काळा चिखल घेऊन सबंध बाहेर आली. काकूंनी नाकाला पदर लावला, काकांनी फोटो काढला.

मुळीने चांगला पाइप फोडला असं क्वचित होतं. सांधा आधी गळतो, ओल बाहेर येते, मुळी त्या ओलीच्या मागे येते, मग आत जाऊन जाड होते आणि सांधा आणखी उघडते. नुकसान दुहेरी आहे. दक्षिण भिंतीच्या मध्याखाली माती बारा महिने ओली, आणि 12 फुटांवर कोपऱ्याखाली खडखडीत. फुगलेला मध्य आणि आकसलेला कोपरा, यांच्या मधोमध ती खिडकी.

पाऊस लागायच्या आत ही लाइन बदलायचीच. रबरी रिंगचे पीव्हीसी पाइप, भिंतीपासून जमेल तेवढं लांबून, नवी दोन चेंबरं. चर भिंतीला समांतर खणताना निंबाच्या जाड मुळ्यांवर कुऱ्हाड चालवायची नाही, त्यांच्याखालून पाइप घालायचा, असं मुकादमाला दोनदा सांगितलं.

14 मे

आज बैठक. काकांचा मुलगा पुण्याहून फोनवर. त्याचं एकच, "तोड डालो, विषय संपला." मी पूर्वेच्या खोलीकडे वळलो.

शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये कुंपणालगत निलगिरीची रांग होती. ती कधी गेली? काकूंना नेमकं आठवलं, 2020 च्या दिवाळीनंतर. आणि फरशी कधी फुगली? आधी कुणाला सांगता येईना. मग काकू म्हणाल्या, दार घासायला लागलं ते त्याच्या पुढच्या पावसाळ्यात, सुताराला बोलावून खालून रंधा मारला होता. भिंतीपलीकडे गवतात पाच खोडकी अजून दिसतात.

निलगिरीने तिथली जमीन कित्येक वर्षं कोरडी ठेवली होती. घराची पूर्व बाजू त्या कोरड्या जमिनीवर स्थिरावली. झाडं गेली, पाणी उपसणारं कुणी उरलं नाही, माती हळूहळू आपला जुना ओलावा परत घेऊ लागली आणि फुगली. त्यात त्या प्लॉटवर पावसाचं पाणी तुंबतं. असा फुगवटा एका पावसाळ्यात संपत नाही, वर्षानुवर्षं चालू शकतो. खाली बसलेल्या घराला काही ना काही आधार देता येतो. वर उचलणाऱ्या जमिनीपुढे घराचं वजन थिटं पडतं, त्यातून एकमजली-दुमजली घराचं तर फारच.

मुलगा गप्प झाला. काकांनी विचारलं, "मग निंब पाडला तर तिकडेही असंच?" होऊ शकतं. तिथे मुळ्यांनी घराआधीपासून जमीन कोरडी केलेली नाही, घर आधी आणि झाड नंतर, एवढी एक गोष्ट आपल्या बाजूची. म्हणजे माती फुगली तरी पाया साधारण मूळ पातळीला येईल, फार वर जाणार नाही. पण 32 मिमी भरून येताना भिंती गुपचूप परत जुळतील अशी आशा नको. भेगांत गिलाव्याचे तुकडे पडलेले असतात, त्या मिटत नाहीत, शेजारी नव्या पडतात.

कायद्याचंही सांगितलं. आवार स्वतःचं, झाड स्वतः लावलेलं, तरी शहरात 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड वारसा वृक्षात गणलं जातं. हा निंब त्यात येत नाही, पण झाडाच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट येते. "बत्तीस झाडं? या प्लॉटवर?" काकूच हसल्या.

ठरलं ते असं. आधी पाण्याची वाट लावायची, म्हणजे खरोखरीची वाट. मग एक पावसाळा आणि एक उन्हाळा मापं. भिंतीच्या डागडुजीला त्यानंतर हात. झाड तूर्त उभं.

26 मे

उष्णतेमुळे जिल्ह्यात 31 तारखेपर्यंत कलम 144 लागू. पारा 45 च्या वर. मजूर सकाळी सहाला येतात, साडेदहाला काम बंद. पाइपलाइन पुरी झाली, पाणी सोडून पाहिलं, सांधे कोरडे.

नैऋत्येची भेग वर 9 मिमी. खाली 3. काच तडकून पडली होती. ब्रिटनच्या बांधकाम संशोधन संस्थेच्या वर्गवारीत 5 मिमीपर्यंत किरकोळ, 5 ते 15 मध्यम. मध्यम म्हणजे दारं-खिडक्या अडकतात, पाऊस आत येऊ शकतो, पण घर पडायला आलेलं नाही. काकूंना हे शेवटचं वाक्यच हवं होतं. ते कागदावर लिहून दिलं.

पूर्वेची भेग 3 होती, 3 च आहे. तिला उन्हाळ्याचं सोयरसुतक नाही.

12 जून

मागच्या छज्ज्यावर, पावसाच्या पाइपाला लागून, पिंपळ उगवला आहे. उंची कमरेएवढी. काकांच्या लेखी हा बिनमहत्त्वाचा, मला मात्र या घरातलं खरोखर भिंत फोडणारं झाड हेच वाटतं. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडतं, पाइपाच्या गळतीवर रुजतं, आणि मुळी विटेच्या सांध्यात शिरून जाड होते. इथे ढकलणं अक्षरशः आहे. दोन थरांच्या वरच्या विटा सुटल्या आहेत. उंबर, वड, पिंपळ यांचं हे नेहमीचं. वरून छाटला तर पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने येतो.

मिस्त्रींनी कुऱ्हाड लावायला नकार दिला नाही, पण आधी हात जोडले आणि आज शनिवार नाही ना याची खात्री केली. बुधवार होता. विटांचे चार थर उतरवून मुळी शेवटपर्यंत काढली, तळातला तुकडा निघेना म्हणून तिथली वीटच बदलली. पाइपाची गळती बंद केली. रोप मुळांसकट निघालं होतं, काकूंनी ते बादलीत ठेवून घेतलं, मारुतीच्या देवळामागे लावायला.

उत्तरेच्या कुंपणाच्या भिंतीने उंच अशोकाच्या बुंध्यांपायी बाक धरला आहे. साडेचार इंची भिंत, पाया नावापुरता, बुंधे तिला टेकून जाड झालेत. हलकी भिंत, फरसबंदी, चेंबरचं झाकण एवढं झाड उचलतं आणि ढकलतं. त्या भिंतीत तीन ठिकाणी खिंडारं ठेवून वर लिंटेल टाकायची, बुंध्यांना श्वास मिळेल. वेगळं बिल.

27 जून

पहिला जोराचा पाऊस परवा रात्री. अंगणातल्या भेगांतून पाणी गटगट आत जात होतं म्हणे.

18 ऑगस्ट

नैऋत्य 4 मिमी. मेपासून 5 मिमीची मिटणी. जोत्याचा कोपरा 32 वरून 25 वर आला. झाडाचा आणि मातीचा संशय होता, आता तो पुरावा झाला. ज्या घराचा पाया नुसताच खचतो तिथे भेग अशी परत मिटत नाही.

पूर्व 3.5. शेजारच्या प्लॉटवर घोट्याएवढं पाणी. त्या मालकाशी काकांनी बोलून कडेने चर काढायची परवानगी मिळवली. चहा आणि पोहे यावर भागलं.

29 सप्टेंबर

नैऋत्य 3, पूर्व 4. खाली-वर होणारं एक, नुसतं वाढणारं दुसरं.

16 नोव्हेंबर

आता कोब्याचं काम, म्हणजे घराभोवती काँक्रीटचा पट्टा. ही वेळ मुद्दाम निवडली. मेमध्ये कोबा घातला असता तर खडखडीत माती झाकली गेली असती आणि पुढे जिथून ओल मिळेल तिथून फुगून कोबाच उचलला गेला असता. ऑगस्टमध्ये चिखल. पावसाळा ओसरल्यावर ओलावा मधल्या पातळीला असतो.

घराभोवती 5 फूट रुंद पट्टा. वरची काळी माती 2 फूट काढून तिथे चिकट पण न फुगणारा मुरूम थराथराने पाणी मारून कुटला. फुगीर मातीवर अशा मातीचा थर देण्याची पद्धत आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी मांडली, कालव्यांच्या अस्तराखाली ती पुष्कळ वापरतात. त्यांच्या शिफारशीत थर साधारण मीटरभराचा असतो. आपला दोन फूट, कारण त्याहून खोल गेलो तर निम्म्या पायाच्या कडेची माती उघडी पडते. तडजोड आहे. मुरूम निवडताना नुसता खरखरीत आला तर उपयोग नाही, त्यातून पाणी गाळणीसारखं थेट काळ्या मातीवर उतरतं. पहिले दोन ट्रक परत पाठवले. मुकादम नाराज.

वर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर चार इंच काँक्रीट, बाहेरच्या बाजूला उतार. भिंत आणि कोबा यांच्यामध्ये फट ठेवून डांबरी मसाला भरला, म्हणजे कोबा हलला तरी भिंतीला ओढणार नाही.

निंबाच्या बाजूला पट्टा 3 फुटांचाच. काकांच्या मुलाने मुळ्या अडवायला आडवी भिंत सुचवली होती, खोल चर खणून प्लास्टिकचा जाड पडदा. सुटं झाड असतं, अंतर जास्त असतं तर विचार केला असता. इथे चर बुंध्यापासून चार-पाच फुटांवर आला असता. त्या बाजूच्या सगळ्या जाड मुळ्या तोडायच्या, आणि मेच्या वावधानात 40 फुटी झाड घराकडे झुकलेलं ठेवायचं? नको. शिवाय मुळी पडद्याखालून जाते, वेळ लागतो इतकंच.

8 डिसेंबर

निंबाची छाटणी, परवानगी घेऊन. यावर मी फारसा भरवसा ठेवलेला नाही. ब्रिटनमधल्या प्रयोगांत दिसलं की नुसत्या विरळणीने झाडाचं पाणी पिणं विशेष कमी होत नाही. पसारा निम्म्याहून बराच जास्त कमी केला तरच फरक पडतो, तोही तात्पुरता. तेवढा निंब छाटायचा म्हणजे खुंट करायचा. आपण घराकडच्या फांद्या आणि शेंडा मिळून तिसरा हिस्सा काढला, त्यातला फायदा पाण्याचा कमी आणि वाऱ्याचा जास्त.

मला जास्त आशा दुसऱ्या गोष्टीची. बुंध्याच्या पलीकडे, घरापासून 18 फुटांवर, दोन शोषखड्डे घेतले आणि न्हाणीघरातलं आंघोळीचं पाणी गाळून तिथे सोडलं. नळ इथे रोज येत नाही, झाडासाठी वेगळं पाणी कुणी घालणार नाही, तेव्हा वापरलेलंच द्यायचं. उन्हाळ्यात निंबाला घराच्या उलट दिशेला पाणी मिळालं तर बारीक मुळ्या तिकडे वाढाव्यात. हा माझा अंदाज आहे, कुठल्या मानकात नाही. पाणी घराकडे झिरपत नाही ना हे पाहायला मधोमध एक उभा छिद्रांचा पाइप पुरला.

16 फेब्रुवारी 2025

पानगळ सुरू. कोब्यावर पिवळा सडा, काकू रोज झाडतात. नैऋत्य 4, पूर्व 4.

3 मे

नैऋत्य 5.5. गेल्या वर्षी 11 एप्रिललाच 7 होती. मधल्या पाइपात पाणी नाही, कोबा अखंड, दक्षिण भिंतीलगतची माती पहिल्यांदाच सारखी लागली. काका खूश. मी मेअखेरच्या मापाची वाट पाहतो आहे, खरी कसोटी त्या पंधरवड्यात.

30 मे

कसोटी हुकली. यंदा मेमध्येच पावसाने गाठलं, राज्यभर. मान्सून मुंबईत 26 लाच. अंगणातल्या भेगा मिटलेल्या, नैऋत्य 4.5. हा आकडा आपल्या कामाचा की अवकाळीचा, वेगळं काढता येत नाही. 2024 च्या 9 शी याची तुलना मांडणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

काकांना दिवाळीआधी रंग काढायचा आहे, नातीचा साखरपुडा. त्यांना दोन भाग करून दिले. पूर्वेची भेग सप्टेंबरपासून 4 वर थांबली आहे, शेजारचा चर काम करतोय. तिथे दर चौथ्या थराच्या सांध्यात 8 मिमीचे गज मसाल्यात पुरून भेग शिवायची, फुगलेली फरशी काढून खाली मुरूम कुटायचा, दार नवं. नैऋत्येला यंदा गज नाहीत. भेग व्ही आकारात उघडून लवचिक सीलंट भरायचा, वर जाळी लावून गिलावा, रंग. पुढच्या मेमध्ये ती बारीक रेघ दिसेल, हे आत्ताच लेखी दिलं आहे. पितळी स्क्रू रंगाबाहेर ठेवायचे, रंगाऱ्याने काढायचे नाहीत.

मुलाने फोनवर परत विचारलं, यंदाही तोडायचं नाही का? 2026 च्या मेअखेर भेग 6 च्या आत राहिली तर नाही. 8 च्या वर गेली तर झाड एकदम न पाडता दोन-तीन वर्षांत टप्प्याने कमी करायचं, आणि त्याचा अर्ज तेव्हा. पुढचं माप 15 जूनला, मिस्त्री घेतील, काका वहीत उतरवतील.